गच्चीवरचा गोल्फ संच: जाळी ठीक, मॅट तपासून, पट्टीचा चढ काढून

तीन मीटर रुंद आणि सव्वादोन मीटर उंच घडीची जाळी, दीड बाय एक मीटरची मारायची मॅट आणि तीन मीटर लांबीची पटिंगची (चेंडू जमिनीवरून भोकात ढकलण्याच्या सरावाची) पट्टी. घरच्या सरावासाठी दहा हजारांच्या आसपास ऑनलाइन मिळणारा गोल्फचा संच साधारण असाच असतो. खोक्यावरचं नाव बदलतं, आतला माल फारसा बदलत नाही. जळगाव-धुळ्याकडे तो घेणाऱ्यांचा हिशोब सरळ असतो: खरं मैदान गाठायचं तर पुण्या-मुंबईकडे गाडी काढायची, आणि जळगावहून पुणं चारशे किलोमीटर. तेवढी धाव महिन्या-दोन महिन्यांतून एकदा होणार, मग मधले दिवस गच्चीवर. (नाशिकला उतरून रिक्षावाल्याला नुसतं ‘गोल्फ क्लब’ म्हणालात तर तो हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर सोडेल. नाव गोल्फचं, खेळ क्रिकेटचा.)

क्लबचा प्रो, म्हणजे शिकवणारा व्यावसायिक खेळाडू, अशा संचाकडे एकाच नजरेनं बघतो: स्पर्धेच्या दिवशी कार्डावर, म्हणजे फटके लिहायच्या कागदावर, याचा काय फरक पडणार? त्या कसोटीला लावलं तर संचातली सगळ्यात दिमाखदार वस्तू, म्हणजे जाळी, सगळ्यात कमी कामाची. जिला लोक पायपुसणं समजतात त्या मॅटवर निम्मा खेळ अवलंबून. आणि पटिंगची पट्टी खोक्यातून निघते तशीच वापरली तर फायद्यापेक्षा नुकसान जास्त.

गुण गळतात कुठे

क्लबांच्या स्पर्धा पुष्कळदा स्टेबलफोर्ड पद्धतीनं खेळवतात. १९३२ मध्ये इंग्लंडातल्या वॉलसी क्लबात डॉ. फ्रँक स्टेबलफोर्ड यांनी ही पद्धत खेळवली. तिचा उपयोग असा, की एका होलवर (पहिल्या फटक्यापासून चेंडू भोकात जाईपर्यंतच्या एका टप्प्यावर) वाट लागली म्हणून माणसाला कार्ड फाडून घरी जावं लागत नाही. हँडिकॅपचे स्ट्रोक (कच्च्या खेळाडूला मिळणारी फटक्यांची सूट) वजा जाता पार (त्या होलला ठरवलेले फटके) आला की दोन गुण, एक फटका जास्त लागला तर एक गुण, त्याहून जास्त लागले की शून्य. एक कमी लागला तर तीन. शून्य दिसायला लागलं की चेंडू उचलायचा आणि पुढच्या टीकडे, म्हणजे पुढच्या होलच्या सुरुवातीच्या जागेकडे, चालायचं. नऊ लागोत नाहीतर चौदा, शून्याच्या खाली काही नाही.

आता हँडिकॅपचं गणित. समजा तुमचा हँडिकॅप इंडेक्स (तुमच्या खेळाचा आकडा) २४.०, मैदानाचा स्लोप (साध्या खेळाडूला ते किती अवघड याचा आकडा) १२५, कोर्स रेटिंग (तरबेज खेळाडूला तिथे साधारण लागणारे फटके) ७१.५ आणि पार ७२. चोवीसला १२५ नं गुणून ११३ नं भागायचं, येतात २६.५५. त्यात रेटिंग आणि पारमधला फरक, उणे ०.५, धरला की २६ च्या जरा वर. वैयक्तिक स्टेबलफोर्डला त्याचे ९५ टक्के घेतात, म्हणजे २५ स्ट्रोक. अठरा होलांवर एकेक आणि स्ट्रोक इंडेक्स (होलांचा अवघडपणाचा क्रम) १ ते ७ असलेल्या सात होलांवर आणखी एकेक. म्हणजे स्ट्रोक इंडेक्स ५ च्या पार चार होलवर तुम्हाला सहा लागले तरी दोन गुण पक्के.

ते सहा कसे येतात बघा. तीन मध्यम फटक्यांत ग्रीनच्या (भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या) आसपास, एक चिप (जवळून मारलेला छोटा फटका), दोन पट. यात दोनशे मीटर उडणारा फटका कुठेच नाही. प्रो नवख्याला ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायचा क्लब (गोल्फच्या काठीलाही क्लबच म्हणतात), गाडीतच ठेवायला सांगतो तो उगाच नाही. त्या माणसाचे गुण तीनच ठिकाणी गळतात: चेंडूच्या मागे जमीन खणली जाते, ग्रीनवर तीन-तीन पट लागतात आणि नियम माहीत नसल्यानं दंडाचे फटके चढतात. पहिली गळती मॅटनं थांबवायची, दुसरी पट्टीनं. तिसरीवर संचात काहीच नाही.

हँडिकॅप इंडेक्स मिळायला किमान ५४ होलांची कार्डं क्लबामार्फत नोंदवावी लागतात. ती नसलेल्या पाहुण्यांना कंपन्यांच्या निमंत्रित स्पर्धांत बरेचदा डबल पेओरियावर खेळवतात. आयोजक बारा होल गुपचूप निवडतात, त्यांवरच्या फटक्यांची बेरीज दीडपट करतात, त्यातून पार वजा करतात आणि उरलेल्याचे ८० टक्के म्हणजे तुमचा त्या दिवसापुरता हँडिकॅप. बारा होलांत ६६ फटके लागले, तर ९९ वजा ७२ म्हणजे २७, त्याचे ८० टक्के २१.६. ज्याची वाट नेमकी त्या बारांत लागली तो फायद्यात. करमणूक म्हणून ठीक आहे, पण त्यावरून आपला खेळ मोजायला जाऊ नये.

जाळी

संचातल्या जाळीबद्दल तक्रार कमी. विणीची घरं वीस-पंचवीस मिलिमीटरची, गाठ नसलेली, मधोमध कापडी लक्ष्य. पैसे वाचवायला लोक जे पर्याय शोधतात तेच महागात पडतात. क्रिकेटच्या सरावाची जाळी गावात सहज मिळते, पण तिची घरं चाळीस-पन्नास मिलिमीटरची असतात. गोल्फच्या चेंडूचा व्यास नियमानं कमीत कमी ४२.६७ मिलिमीटर, त्यामुळे तो एक तर आरपार जातो, नाहीतर दोरा सरकवून जातो. केळीच्या रोपवाटिकेवरचं हिरवं शेडनेट हा दुसरा खान्देशी उपाय. साध्या खेळाडूचा ड्रायव्हरचा चेंडूही ताशी दोनशे किलोमीटरच्या पुढे निघतो. वजन जेमतेम ४५.९३ ग्रॅमपर्यंत, पण सगळा मार रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर. शेडनेट पहिले काही दिवस तो झेलतं, मग त्याच त्या जागी फाटतं. आणि ताणून बांधलं असेल तर फाटण्याआधी चेंडू तुमच्या नडगीवर परत पाठवतं.

जाळी ढिलीच हवी. खाली फूटभर कापड जमिनीवर लोळू द्या. मागे भिंत असेल तर मधे निदान पाऊण मीटर मोकळी जागा. बांधून झाली की आधी हातानं जोरात चेंडू फेकून पाहा, तो जाळीच्या पायथ्याशीच पडला पाहिजे. उसळून येत असेल तर लक्ष्यामागे जुनी गोधडी सैल टांगा. ताडपत्री नको. तिच्यावर चेंडू उसळतोही आणि दर फटक्याला असा आवाज होतो की तिसऱ्या दिवशी शेजारी वर येतात. चेंडूपासून जाळी तीन मीटरवर ठेवा. त्याहून जवळ आणली तर उसळीला वाव मिळतो, लांब नेली तर तिरका गेलेला फटका चौकटीबाहेर जातो. शँक झाला, म्हणजे चेंडू क्लबच्या दांड्याच्या जोडाला लागला, की तो जवळजवळ काटकोनात उजवीकडे सुटतो आणि या संचाला बाजूची जाळी नाही. उजव्या हाताला गल्ली किंवा शेजारच्या सोलरच्या काचा असतील तर बाजूची जाळी लावेपर्यंत फोमचे चेंडूच वापरा.

जाळी चेंडूचं उडणं दाखवत नाही ही तिची खरी मर्यादा. पण थोडं वाचता येतं. तीन मीटर अंतरावर चांगला लागलेला सात नंबरचा आयर्न (मधल्या पल्ल्याचा क्लब) जाळीवर साधारण ९० सेंटिमीटर उंचीवर आदळतो, पिचिंग वेज (जवळच्या, उंच फटक्यांचा क्लब) १४० वर, ड्रायव्हर टीची (चेंडू ठेवायच्या खुंटीची) उंची धरून ६५-७० वर. त्या उंचीवर तीन रंगांच्या फिती बांधा. सात नंबरचा चेंडू सारखा गुडघ्याएवढ्या उंचीवर लागत असेल तर तुम्ही तो टॉप करताय, म्हणजे त्याच्या वरच्या भागाला मारताय, मग ‘आवाज छान आला’ यात समाधान मानू नका. डावी-उजवीकडेही तसंच: जाळीवर पंधरा सेंटिमीटर बाजूला, म्हणजे १४० मीटरवर सात मीटर बाजूला, तेही चेंडू हवेत वळला नाही असं धरून. सात मीटर म्हणजे ग्रीनऐवजी बंकर, वाळूचा खड्डा.

मॅट

संचातली मॅट म्हणजे दहा-बारा मिलिमीटरचं हिरवं कृत्रिम गवत आणि खाली चिकटवलेला पातळ फोम. काँक्रीटच्या स्लॅबवर ती तशीच अंथरणं ही या संचाच्या वापरातली सगळ्यात मोठी चूक. कारणं दोन आहेत.

पहिलं शरीराचं. आयर्नचा फटका वरून खाली येतो, चेंडूनंतर जमिनीला लागतो. गवतावर तो माती कापत पुढे जातो. स्लॅबवरच्या पातळ मॅटवर तो थांबतो आणि हादरा मनगटातून कोपरात चढतो. उजव्या हातानं खेळणाऱ्याचा डावा कोपर बाहेरच्या अंगानं दुखायला लागला की समजा मॅट कमी पडतेय. त्या अवस्थेत दात-ओठ खाऊन खेळलात तर दुखणं महिनोन्महिने हलत नाही. उपाय गावातच आहे: गोठ्यात गाई-म्हशींखाली अंथरतात ती जाड रबरी मॅट. ती खाली, वर संचातली मॅट. पण एक बघा, चेंडूखालीच नव्हे तर पायांखालीही तेवढीच जाडी आली पाहिजे. चेंडू दोन-तीन सेंटिमीटर वर आणि पाय खाली राहिले तर ते ‘चेंडू पायांपेक्षा उंच’ अशा उतारावरचं खेळणं होतं. क्लब आडवा फिरतो, चेंडू डावीकडे ओढला जातो, आणि चार आठवडे त्याची सवय लागली की सपाट फेअरवेवर (टी आणि ग्रीनमधल्या कापलेल्या गवतावर) चेंडू कुठे जाईल सांगता येत नाही.

दुसरं कारण जास्त घातक, कारण ते दुखत नाही. मॅट खोटं बोलते. चेंडूच्या चार बोटं मागे क्लब टेकला तर गवतात तो रुततो, मातीचा ढेकूळ पुढे आणि चेंडू जेमतेम वीस मीटर. याला मैदानावर ‘फॅट’ म्हणतात आणि नवख्यांच्या कार्डावर सगळ्यात जास्त शून्यं त्याचीच. मॅटवर तोच क्लब उसळतो, घसरत जाऊन चेंडूला लागतो, चेंडू जाळीत जातो, आवाजही बरा येतो. माणूस खूष. पुण्यात येरवड्याच्या पूना क्लबच्या फेअरवेवर पहिला वेज मारला की कळतं.

म्हणून मॅटवर पुरावा ठेवायला शिका. चेंडू ठेवायच्या जागेच्या पुढे-मागे वीतभर पिठाचा पातळ थर भुरभुरवा. रांगोळी नको, ती खरखरीत असते आणि क्लबच्या तोंडावर ओरखडे पाडते. जुनं ज्वारीचं पीठ चालतं, मुंग्यांची तयारी ठेवा. चेंडूची जागा बोटानं आडवी रेघ ओढून दाखवा. आता चेंडू न ठेवता वेजनं अर्धा स्विंग करा आणि वाका. पीठ कुठून पुसलं गेलंय? रेघेपासून पुढे पुसलं असेल तर फटका बरोबर. रेघेच्या मागून पुसलं असेल तर जितकं मागून, तितका फॅट. बहुतेकांना पहिल्या दिवशी तीन ते सहा बोटं मागे सापडतं. कारण बहुधा एकच: चेंडू उचलायला जातात म्हणून वजन मागच्या पायावर राहतं. चेंडू उचलायचं काम क्लबच्या कोनाचं आहे, वेजला पंचेचाळीस अंशांच्या आसपास लॉफ्ट त्यासाठीच असतो. वजन डाव्या पायावर, हात क्लबच्या तोंडापेक्षा किंचित पुढे, आणि रेघेच्या पुढचं पीठ पुसायचं एवढंच डोक्यात. वीसपैकी पंधरा स्विंग रेघेच्या पुढे यायला लागले की मग चेंडू ठेवा, आणि चेंडूच्या वीतभर मागे घडी घातलेला नॅपकिन. नॅपकिन उडाला की तो फटका मोजायचा नाही.

क्लबच्या तोंडावर चेंडू कुठे लागतोय तेही बघावं. व्हाइटबोर्डच्या मार्करनं चेंडूवर टपोरा ठिपका काढा, ठिपका क्लबकडे करून ठेवा, मारल्यावर ठिपक्याची छाप तोंडावर उमटते. टाचेकडे, म्हणजे दांड्याच्या बाजूला, छाप सरकत चालली की शँक फार लांब नाही. अर्धं पाऊल मागे उभे राहा.

ज्यांना वाटतं की गच्ची कशाला, शेतात बांधावर मारू, त्यांच्यासाठी: काळी कसदार जमीन उन्हाळ्यात भेगाळून दगड होते, तिच्यावर आयर्न मारणं स्लॅबहून वाईट. पावसाळ्यात तीच माती क्लबला किलोभर चिकटते. हिवाळ्यात, हरभरा निघाल्यावर नांगरायच्या आधीचे थोडे दिवस काय ते बरे.

पटिंगची पट्टी

पार ७२ च्या मैदानावर हिशोबानं ३६ पट धरलेले असतात, निम्मा खेळ. तरी या पट्टीवर सगळ्यात कमी विचार केलेला दिसतो. टोकाला भोक, भोकाआधी फोमचा चढ, चेंडू परत यावा म्हणून खोबण. घडी घालून येते, त्यामुळे मधे दोन ठिकाणी वळ्या. वळ्यांची काळजी नको, मे महिन्यात अर्धा तास गच्चीवर पसरली की इस्त्री फिरवल्यासारखी होते.

चढ मात्र काढून टाका. बहुतेक पट्ट्यांत तो वेल्क्रोनं चिकटवलेला सुटा तुकडा असतो. चार सेंटिमीटरचा चढ जेमतेम चढून जाणारा चेंडू सपाट ग्रीनवर होलच्या पुढे निदान अर्धा मीटर जातो, आणि माणूस जेमतेम मारत नाही, चुकू नये म्हणून दणकून मारतो. तोच हात उताराच्या ग्रीनवर नेला की दीड मीटर पुढे, मग परतीचा पट, मग तिसरा. भोकही मोजून घ्या. नियमातलं होल १०८ मिलिमीटरचं असतं. सर्वात सोपं म्हणजे भोकाचा नाद सोडा, सपाट पट्टीवर एक रुपयाचं नाणं ठेवा आणि चेंडू त्याच्यावरून जाऊन वीतभर पुढे थांबेल असा मारा.

दुसरी फसगत अपेक्षेची. तीन मीटरच्या सरळ पट्टीवर आठवड्याभरात दहापैकी नऊ जायला लागतात. व्यावसायिक खेळाडूसुद्धा अडीच मीटरवरून साधारण निम्मेच पट होल करतात, कारण खरी ग्रीन सरळ नसते. तेव्हा पट्टी वापरायची ती एका मीटरच्या पटसाठी. चेंडूच्या दोन्ही बाजूंना, पटरच्या तोंडाहून जेमतेम मोठी फट राहील अशी दोन जुनी बॅटरी सेलं उभी करा. सेल न पाडता सलग वीस. विसावा चुकला तरी पुन्हा एकपासून. स्पर्धेत शेवटच्या होलवर जो एक मीटर उरतो त्याच्याशी याचं नातं आहे.

तीन पट मात्र लागतात ते पहिला पट लांबून चुकल्यामुळे, आणि लांब म्हणजे आठ-दहा मीटर. ते अंतर संचात नाहीच. यासाठी मंडपवाल्याकडची हिरवी मॅटिंग घ्या, जी लग्नात स्टेजपर्यंत अंथरतात. ऑफ सीझनला दहा-बारा मीटरचा तुकडा सहज मिळतो. सपाट फरशीवर अंथरून सहा, आठ, दहा मीटरवर खडूच्या खुणा करा, एकेका खुणेला तीन चेंडू. चेंडू खुणेपासून पटरच्या लांबीच्या आत थांबला की पास. दर तिसऱ्या चेंडूला अंतर बदला, नाहीतर हात नुसता पाठ होतो.

मॅटिंग किती वेगवान आहे हेही मोजता येतं. ग्रीनचा वेग स्टिंपमीटरनं मोजतात. घरी अ‍ॅल्युमिनियमच्या व्ही आकाराच्या पट्टीवर टोकापासून ७६ सेंटिमीटरवर चेंडू धरा, ती जागा जमिनीपासून २६ सेंटिमीटर उंच होईल अशी पट्टी टेकवा आणि चेंडू सोडा. कोन वीस अंशांचा होतो. सपाटीवर तो जितके फूट जाईल तितका वेग, दोन्ही दिशांनी सोडून सरासरी धरा. क्लबांच्या रोजच्या ग्रीन आठ-नऊच्या घरात असल्या तर नवल नाही, मोठ्या स्पर्धेला गवत आणखी उतरवतात. तुमची मॅटिंग बाराच्या पुढे दाखवत असेल तर वर सतरंजी अंथरा. बर्म्युडा गवताचा कल मात्र कुठल्याच कापडावर नाही. ग्रीन चकाकताना दिसली तर गवत तुमच्यापासून पलीकडे झुकलंय, चेंडू जोरात पळेल. काळपट दिसली तर उलट. शंका असेल तर कॅडीला (पिशवी वाहणाऱ्या मदतनिसाला) विचारा, आणि ‘ए पोरा’ म्हणून नको, ‘दादा’ म्हणून. त्या ग्रीनवर तो हजार वेळा चाललेला असतो.

जे खोक्यात नाही

संचावर शंभर चेंडू वीस मिनिटांत मारता येतात, हाच त्याचा दोष. स्पर्धेत चार जणांच्या गटात दोन फटक्यांमधे पाच-सहा मिनिटं जातात आणि तुमची पाळी आली की नियमाची शिफारस चाळीस सेकंदांची. म्हणून मोबाइलवर ४० सेकंद लावा: क्लब काढणं, मागे उभं राहून रेषा बघणं, एक सराव स्विंग, फटका. मग क्लब पिशवीत, पुढचा फटका दुसऱ्या क्लबनं. पाऊण तासात तीस चेंडू भरपूर झाले. हायब्रिड (लांब पल्ल्याचा सोपा क्लब), सात नंबर, वेज, मग खाली जाऊन मॅटिंगवर दोन पट: झाला एक होल. कार्डावर लिहा.

नियमांची गळती तर वाचूनच थांबते. पिशवीत चौदापेक्षा जास्त क्लब नकोत, जास्त सापडला तर दर होलला दोन, फेरीला कमाल चार दंडाचे फटके. उसना पटर तपासायला घेतला आणि तसाच राहिला, ही नेहमीची गोष्ट. चेंडू शोधायला तीन मिनिटं, २०१९ आधी पाच होती, आणि जुने सदस्य अजून पाच सांगतात. हरवेल असं वाटलं तर दुसरा मारण्याआधी तो ‘प्रोव्हिजनल’ (पहिला हरवला तरच धरायचा तात्पुरता चेंडू) आहे हे तोंडानं स्पष्ट सांगितलंच पाहिजे. नुसतं ‘अजून एक मारतो’ म्हटलं तर पहिला सापडूनही उपयोग नाही, दुसराच खेळात धरतात. चेंडू ड्रॉप करायचा तो गुडघ्याच्या उंचीवरून. बंकरमधे फटक्याआधी चेंडूच्या लगत मागे-पुढे वाळूला क्लब टेकवला तर दंडाचे दोन. दुसऱ्याचा चेंडू मारला तरी दोन, म्हणून स्वतःच्या चेंडूवर मार्करनं खूण करा, एकाच कंपनीचे एकाच नंबरचे चेंडू गटात दोघांकडे असणं मुळीच दुर्मिळ नाही. आणि कार्डावर प्रत्यक्षाहून कमी फटके लिहून सही केली तर स्ट्रोक प्लेमधे (एकूण फटके मोजायच्या खेळात) बाद. जास्त लिहिले तर तेच कायम. सही करण्याआधी होलवार आकडे मोठ्यानं वाचून घ्या.

ऊन, गच्ची आणि सुटे भाग

खान्देशच्या उन्हात संच किती टिकतो? मॅट सगळ्यात आधी जाते. गवत आणि फोम यांच्यातला गोंद एप्रिल-मेच्या स्लॅबवर मऊ होतो, कडा भाजलेल्या पापडासारख्या वर वळतात आणि वळलेल्या कडेत क्लब अडकतो. कडेनं रबरी सोल्यूशन लावून वर विटा ठेवून रात्रभर दाबलं तर आणखी एक हंगाम निघतो. नायलॉनच्या जाळीचा रंग उडायला लागला की ताकदही गेली समजा. दोरा नखानं ओढून बघा, तुटला तर जाळी बदला. सराव सकाळी आठच्या आत उरकून जाळी आणि मॅट दोन्ही आत. तसंही त्या दिवसांत गच्चीवर बिबडे आणि कुरडया वाळत असतात, तिथे तुमची मात्रा चालणार नाही. धाब्याच्या घरावर हा संच लावूच नये.

क्लब मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवू नका. तोंड आणि दांडा जोडणारा इपॉक्सी सततच्या उष्णतेनं कमजोर होतो. जोडावरची काळी प्लॅस्टिकची कडी वर सरकलेली दिसली की जुळणी तपासून घ्या. ग्रिप घाम आणि धुळीनं काचेसारख्या गुळगुळीत होतात. भांड्यांचा साबण, कोमट पाणी, जुना ब्रश, महिन्यातून एकदा.

संच आणि सुटं यात निवडायचं असेल तर सुटंच घ्या: आधी चांगली जाड मॅट, मग मॅटिंग, जाळी शेवटी. पूर्ण संच घेतलाच असेल तर जाळीच्या चौकटीतल्या फायबरच्या कांड्या जोडापाशी चिरतात हे धरून चाला, कारण जाळी सुटी मिळते, कांड्या बहुधा मिळत नाहीत. चिरली की फॅब्रिकेशनवाल्याकडून पाऊण इंची जीआय पाइपची चौकट करून घ्या: तीन मीटर रुंद, अडीच उंच, बाजूंना दीड मीटर खोल, म्हणजे शँकचीही सोय होते. समोरच्या पाइपांवर एसीच्या नळीला घालतात तो काळा फोम चढवा, नाहीतर पाइपला लागलेला चेंडू तुमच्याकडेच येईल. जाळी एस हुकांवर टांगा, तारेनं आवळू नका. चारही पायांवर वाळूचं एकेक पोतं, आणि वळवाच्या वाऱ्याआधी जाळी उतरवून ठेवा. चौकट उभी राहिली तरी चालते, जाळीत वारं भरलं की पोत्यांसकट सरकते.